अनुभव धागा : जुन्या तलवार-जादूच्या कथासंग्रहांतून कोणते लेखक सापडले?

कपाट आवरताना डी कॅम्पने संपादित केलेला 'स्वोर्ड्स अँड सॉर्सरी' वर आला. पिरॅमिड प्रकाशनाचा, १९६३चा, मुखपृष्ठ आणि आतली चित्रं व्हर्जिल फिनलेची. आठच कथा. पुस्तक घेतलं जातं हॉवर्डच्या कॉनन या योद्ध्यासाठी आणि मनात घर करते सी. एल. मूर! म्हणून हा धागा. असा कोणता लेखक कोणत्या संग्रहातून मिळाला आणि त्याचं पुढचं कसं शोधायचं, तेवढं लिहा.

रातवा
मूरची त्यातली 'हेल्सगार्ड' ही जिरेल या तिच्या योद्धा नायिकेच्या मालिकेतली शेवटची कथा, १९३९ची. एकटी वाचली तरी चालते. पण नंतर मागे जाऊन 'ब्लॅक गॉड्स किस' (वियर्ड टेल्स मासिक, ऑक्टोबर १९३४) आणि लगेच 'ब्लॅक गॉड्स शॅडो' याच क्रमाने घ्या. दुसरी पहिलीच्या शेवटातूनच सुरू होते, उलट वाचलीत तर पहिलीचा घाव बोथट होतो. जिरेलच्या एकूण कथा सहा, त्यातली एक हेन्री कटनर या लेखकासोबत लिहिलेली. कटनरही त्याच संग्रहात आहे बघा. १९४०मध्ये दोघांचं लग्न झालं, पुढचं बरंच लेखन लुईस पॅजेट या जोडनावाने आलं. तेही नाव शोधयादीत टाका.

जुनाबाजार
अनुक्रमणिकेआधी हक्कांचं पान वाचा. बारीक टाइपातलं, सगळे उलटून टाकतात ते. प्रत्येक कथेचं मूळ मासिक आणि साल तिथे असतं. 'पॉप्युलर फिक्शन पब्लिशिंग कंपनी' दिसलं की कथा बहुधा वियर्ड टेल्सची. मग आयएसएफडीबीवर (विज्ञानकथा-फँटसीची ऑनलाइन सूची) कथेचं नाव टाकायचं (लेखकाचं नाही, त्याची यादी संपत नाही). ती कथा कुठकुठे छापली गेली ते सगळं येतं, त्यात लेखकाचा स्वतःचा संग्रह असतोच बहुधा. तो घ्यायचा.

मंदा_व
+१ आणि वाखुसा (वाचनखूण साठवली). कुकर लावलाय, सविस्तर नंतर.

शिलेदार
नावं बदलतात, त्यात पैसे जातात. याच संग्रहातली 'शॅडोज इन द मूनलाइट' म्हणजे हॉवर्डने मुळात दिलेलं 'आयर्न शॅडोज इन द मून'. 'शॅडोज इन झांबुला'चं मूळ नाव 'द मॅन-ईटर्स ऑफ झांबुला'. दोन नावं पाहून दोन पुस्तकं मागवू नका. आणि लॅन्सर प्रकाशनाच्या कॉनन पुस्तकांत डी कॅम्पचा हात बराच फिरलाय. हॉवर्डचा मूळ मजकूर हवा तर डेल रे प्रकाशनाची २००३ पासूनची आवृत्ती.

रातवा
@शिलेदार, झांबुला डी कॅम्पच्याच 'द स्पेल ऑफ सेव्हन'मध्ये ना? १९६५.

शिलेदार
हो ताई. तो संग्रह पहिल्यापेक्षा सरस, माझं ठाम मत. त्यातली व्हॅन्सची 'मझिरियन द मॅजिशियन' ही 'द डाइंग अर्थ' (१९५०) मधली. संग्रहात ती सुटी वाटते, मूळ पुस्तकात आजूबाजूच्या कथांतून तिचे धागे जुळतात. लायबरची 'बझार ऑफ द बिझार' पुढे 'स्वोर्ड्स अगेन्स्ट डेथ'मध्ये आहे. क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथची 'द डार्क आयडोलॉन' झोथिक या त्याच्या कल्पित खंडातली, तिथल्या सगळ्या कथा बॅलंटाइन प्रकाशनाने १९७०मध्ये एकत्र आणल्या. स्मिथ मात्र दिवसाला एकच. सलग वाचलं की शब्दांचं अजीर्ण होतं आणि दोष लेखकाला जातो.

पानगळ
पावसाळ्यात ही पुस्तकं कशी टिकवता? पानं सुटतायत.

जुनाबाजार
कागद आम्लाचा, म्हणून पिवळा पडून तुटतो. पाठीचा गोंद वाळून तडकतो. पुस्तक नव्वद अंशांपेक्षा जास्त उघडायचं नाही. सुटलेल्या पानाला सेलोटेप नको, तिचा चिकटा कागदात उतरून तपकिरी डाग पडतो. आम्लरहित पीव्हीए (पांढरा) गोंद टूथपिकने पानाच्या कडेला केसाएवढा लावा, दोन्ही बाजूंनी बटर पेपर, वर वजन, एक दिवस. कसर लागली असेल तर झिप पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर बंदच ठेवा, नाहीतर पाणी सुटून पुस्तकावर बसतं. ओलसर पुस्तक बंद पिशवीत ठेवून देऊ नका, बुरशी हमखास.

पानगळ
डांबरगोळ्या?

जुनाबाजार
नको. वास जात नाही, आणि घरात लहान मुलं असतील तर मुळीच नको.

मंदा_व
आले. सत्तरीतले संग्रह कुणीच घेतले नाहीत! लिन कार्टरच्या 'फ्लॅशिंग स्वोर्ड्स'मध्ये (१९७३ पासून पाच खंड) बहुतेक नावाजलेलेच. नवी नावं हवीत तर अँड्र्यू ऑफटचे 'स्वोर्ड्स अगेन्स्ट डार्कनेस', झेब्रा प्रकाशनाचे, १९७७ ते ७९, पाच खंड. पहिल्यात रॅम्से कॅम्पबेल आहे, भयकथांचा म्हणून ओळखला जाणारा, इथे तलवार घेऊन. डॉ (DAW) प्रकाशनाच्या 'यर्स बेस्ट फँटसी'च्या पहिल्या खंडात (१९७५) चार्ल्स साँडर्सचा इमारो. आफ्रिकेच्या मातीतला नायक, कॉननची नक्कल अजिबात नाही. आणि जेसिका अमांडा सॅल्मन्सनचा 'अ‍ॅमेझॉन्स!' (१९७९), त्याला वर्ल्ड फँटसी पुरस्कार आहे. नायिका हव्या असतील तर सुरुवात तिथून करा.

शिलेदार
इमारो पुस्तकरूपाने १९८१मध्ये, डॉचाच. पिवळा कणा बघून ओळखता येतो, १९८४ पर्यंत तो तसाच होता.

पानगळ
मराठीत असं काही? वीरधवल सोडून.

रातवा
वीरधवल कादंबरी आहे, इथे संग्रहांचं चाललंय. वेगळा धागा काढा, येते मी.

मंदा_व
काढाच. आणि ते बटर पेपर म्हणजे केकच्या भांड्यात घालतो तेच ना?

जुनाबाजार
तेच. गुळगुळीत बाजू पानाकडे.