डेल्फीची पिथिया: खरंच सगळा गॅसचा खेळ होता का?

भटकभवानी
मंडळी, ग्रीसमधल्या डेल्फीबद्दल काहीही बघायला गेलं की एकच स्टोरी, अपोलो या ग्रीक देवाच्या देवळाखाली जमिनीला भेग होती, त्यातून गॅस यायचा, पिथिया नावाची पुजारीण तिपाईवर बसून तो हुंगायची, तंद्रीत काहीबाही बरळायची आणि पुजारी त्याचं काव्य करून राजेलोकांच्या हातात द्यायचे. यात तथ्य किती? आणि तिथे फक्त राजेच जायचे का? लिडियाचा राजा क्रीससची गोष्ट सगळ्यांना माहितीये (स्वारी केलीस तर मोठं साम्राज्य बुडेल, आणि बुडालं ते त्याचंच), पण साधी माणसं कुठे जायची? शेतकरी, व्यापारी, लग्न जमत नसलेले वगैरे. जाणकारांनी लिहा प्लीज, नुसती विकीची लिंक टाकून पळू नका.

खडकवाला
गॅसवाली थिअरी निराधार नाही पण व्हिडिओवाले फारच ताणतात. फ्रेंचांनी १८९२ पासून तिथे खोदकाम केलं, त्यासाठी देवळाच्या अवशेषांवर वसलेलं अख्खं कास्त्री गाव हलवलं, आणि भेग काही मिळाली नाही. मग २००१ मध्ये डी बोअर, हेल आणि चँटन या संशोधकांनी मांडलं की देवळाखाली दोन भ्रंशरेषा (खडक सरकून पडलेले तडे) एकमेकींना छेदतात आणि तिथल्या झऱ्याच्या पाण्यात इथिलीन या वायूचा अंश सापडला. यावर आक्षेप असा की सापडलेलं प्रमाण अगदीच नगण्य आहे आणि माणूस तंद्रीत जाण्याइतकं इथिलीन कोंडलेल्या खोलीत साठलं तर दिव्याच्या ज्योतीनेच भडका उडेल. प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क स्वतः तिथे पुजारी होता, तो गोड वासाचा उल्लेख करतो, पण तो वास कधीतरीच यायचा असंही सांगतो. आणि बरळण्याचं म्हणाल तर जुन्या वर्णनांत पिथिया बहुतेक वेळा स्वतःच सरळ समजेल असं उत्तर देते.

आडवाट
+१. लोक गॅसवर अडकतात पण खरी मजा पद्धतीत आहे. पिथिया रोज बसायचीच नाही, महिन्यातून एक दिवस, सातवा, आणि हिवाळ्याचे तीन महिने बंद कारण अपोलो तेव्हा डेल्फीत नसतो. आधी बकरीवर गार पाणी शिंपडायचं, ती पायापासून थरथरली तर देव राजी, नाहीतर त्या दिवशी प्रश्न नाही. एकदा बकरी थरथरेना तरी पुजाऱ्यांनी पाणी ओतओतून तिला थरथरवलं आणि पिथियाला जबरदस्तीने आत पाठवलं, ती किंचाळत बाहेर आली आणि काही दिवसांत गेली, हे प्लुटार्कच लिहितो. रांगेत पुढे जायचा मानही होता, खिऑस बेटाच्या लोकांना तो मिळाला होता आणि त्यांनी देवळासमोरच्या आपल्या वेदीवर तसं कोरूनच ठेवलं. व्हीआयपी दर्शन काही आजचं नाही 😀

आता सगळ्यात भारी केस. इ.स.पू. ३५२ च्या सुमारास अथेन्सला प्रश्न पडला की अथेन्सजवळच्या एल्युसिसच्या देवींची राखीव जमीन कसायला द्यावी की पडीक ठेवावी. त्यांनी कथिलाचे दोन सारखे पत्रे घेतले, एकावर 'द्यावी', दुसऱ्यावर 'देऊ नये', दोन्ही गुंडाळून लोकरीत बांधले, सगळ्यांसमोर काशाच्या घागरीत हलवले, एक काढून सोन्याच्या घागरीत आणि दुसरा चांदीच्या घागरीत टाकला आणि वर सरकारी सील, शिवाय कुणाही नागरिकाला स्वतःचं सील लावायची मुभा. मग तीन माणसं डेल्फीला पाठवली, प्रश्न एवढाच, सोन्याच्या घागरीतलं ऐकू की चांदीच्या? म्हणजे विचारणाऱ्यालाही माहीत नाही आणि पिथियालाही नाही की कशात काय आहे. देवावर पूर्ण विश्वास, माणसांवर काडीचा नाही. उत्तर निघालं, जमीन पडीक ठेवा. क्रीससला मिळालेली कोड्यातली उत्तरं आपल्याला ग्रीक इतिहासकार हेरोडोटसकडून कळतात आणि तो लिहितोय जवळजवळ शंभर वर्षांनी, तोपर्यंत गोष्टीला मीठमसाला लागलेला असणारच. ही घागरींची नोंद मात्र त्याच काळात दगडावर कोरलेली आहे, म्हणून माझ्या लेखी तिचं वजन जास्त.

जुनी पाटी
साध्या माणसांसाठी डेल्फी सोडा आणि डोडोना बघा. वायव्य ग्रीसमध्ये, एपिरसच्या डोंगरात, झ्यूस हा देव आणि डायोनी ही देवी यांचं ठिकाण, तिथे ओकचं झाड बोलतं असं मानायचे. होमरने तिथल्या पुजाऱ्यांचं वर्णन केलंय, पाय न धुणारे आणि जमिनीवर झोपणारे. लोक शिशाच्या छोट्या पट्टीवर प्रश्न ओरखडून लिहायचे आणि तिची गुंडाळी करायचे. १८७० च्या दशकापासून या पट्ट्या सापडतायत आणि २०१३ मध्ये चार हजारांहून जास्त मजकूर एकत्र छापले गेले. जुना प्रश्न खोडून त्याच पट्टीवर नवा लिहिलेलाही दिसतो, काटकसर!

प्रश्न वाचा म्हणजे कळेल. आगिस नावाचा माणूस विचारतो, माझी पांघरुणं आणि उशा हरवल्यात, बाहेरच्या कुणी चोरल्या का? क्लेओटास विचारतो, मेंढ्या पाळणं फायद्याचं पडेल का? आणि लिसानियास विचारतो, अन्नीलाच्या पोटातलं मूल माझं नाही का? राजकारण, युद्ध काही नाही, उशा, मेंढ्या आणि संशय. कोणत्या देवाची पूजा केली म्हणजे माझं भलं होईल हा प्रश्न तर वारंवार येतो.

मालवणी माणूस
हे वाचून आमच्याकडचा कौल आठवला. कोकणात, गोव्यात देवाच्या मूर्तीला डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या नाहीतर पानं लावतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि उजवी पडली तर होकार. आमच्या गावात विहीर कुठे खणायची, पोराला मुंबईला धाडायचं का, सगळं देवाला विचारूनच. आणि हो, कौल मनासारखा नाही आला तर लोक प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारतात, ग्रीकांनी पण केलंच असणार 😜

आडवाट
@मालवणी माणूस, केलंय की! इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन स्वारीच्या वेळी अथेन्सवाल्यांना पिथियाने सांगितलं, पळून जा. ते हटले नाहीत, हातात फांद्या घेऊन शरणागत म्हणून परत गेले, काहीतरी बरं सांग नाहीतर मरेपर्यंत इथून उठत नाही. तेव्हा 'लाकडी भिंतच तुम्हाला वाचवेल' असं उत्तर मिळालं, ज्याचा अर्थ अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लिसने जहाजं असा लावला. ही पण हेरोडोटसचीच गोष्ट आहे, तेव्हा वरचा मीठमसाल्याचा मुद्दा इथेही लागू.

भटकभवानी
क्या बात है, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लिसानियासला उत्तर काय मिळालं पण?? आणि ग्रीसला गेले तर डोडोनाला जाण्यात अर्थ आहे का, की नुसते दगड?

जुनी पाटी
उत्तर त्या पट्टीवर नाही. बहुतेक पट्ट्यांवर प्रश्नच आहेत, उत्तरं फार थोडी. जाण्यात अर्थ आहे पण डेल्फीसारखं अथेन्सहून सकाळी निघून रात्री परत असं जमणार नाही. योआनिना शहरात मुक्काम करा, तिथून वीसेक किलोमीटर. आधी योआनिनाच्या म्युझियममध्ये पट्ट्या बघा, अक्षरं इतकी बारीक की काचेला नाक लावावं लागेल, मग साईटवर जा. एपिरसचा राजा पिऱ्हसच्या काळातलं मोठं थिएटर आहे आणि ओकचं झाडही आहे, पण ते अलीकडे लावलेलं. मूळचं इ.स. ३९० च्या आसपास तोडलं.