1840चा कंपनी रुपया: बेरी 33 की 34?

नौपाडाकर
जांभळी नाक्यावरून ईस्ट इंडिया कंपनीचा 1840चा राणीछाप रुपया घेतलाय. 'व्हिक्टोरिया' डोक्याच्या डावीकडे, 'क्वीन' उजवीकडे. वजन 11.52 ग्रॅम. मागच्या बाजूच्या पानांच्या माळेतल्या बेरी (पानांमधली बारीक गोल फळं) मोजल्या तर एकदा 33 येतात, एकदा 34. राणीची मान जिथे कापल्यासारखी संपते, तिथली 'डब्ल्यू डब्ल्यू' अक्षरं उठावाची की खोल, हेही कळत नाही. मोबाइलच्या एका फोटोत वर आलेली दिसतात, दुसऱ्यात आत गेलेली. डाय (नाणं पाडायचा ठसा) कोणती ते कसं ठरवायचं?

ऐरोली_नाणी
आधी लेख, म्हणजे 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं, बघायचा. डोक्यावरून सलग गेला असेल तर बेरी 19 किंवा 20. तुमच्यासारखा दोन बाजूंना विभागलेला असेल तर 28, 34 किंवा 35. त्यामुळे 33 हा आकडा विसरा, एक बेरी झिजलीय.

मोजायची पद्धत: खालच्या फितीच्या गाठीपासून सुरुवात करा. डावी फांदी वरपर्यंत, मग पुन्हा गाठीपासून उजवी, आणि दोन्ही आकडे वेगळे लिहा. फोटो मोठा करून प्रत्येक बेरीवर ठिपका ठेवला की दोनदा मोजली जात नाही. बेरी गेली तरी तिचा देठ बहुधा उरतो, म्हणून 10 पट भिंगाखाली देठ मोजा. विशेषतः गाठीजवळ, तिथे पानं दाट असतात.

आणि 1840 म्हणजे पाडल्याचं वर्ष समजू नका. 1862पर्यंत हाच सन डायवर कोरला जात होता.

खाडीपलीकडचा
बेरींचं बरोबर. अक्षरांबाबत फसगत प्रकाशामुळे होते. सावली कुठल्या बाजूला पडते त्यावरून मेंदू उठाव ठरवतो आणि दिवा विरुद्ध बाजूला गेला की उलटं दिसतं. एकच टेबललॅम्प, नाण्यापासून तिरका, डावीकडे वर ठेवा. खोलीतला बाकी उजेड बंद. 'व्हिक्टोरिया'ची अक्षरं नक्की उठावाची आहेत, तर तीच माप धरा: त्यांची सावली ज्या बाजूला, त्याच बाजूला डब्ल्यूची पडली तर उठाव, उलट पडली तर खोल. आता नाणं न हलवता दिवा उजवीकडे न्या. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तरच लिहा. 1840मध्ये दोन्ही प्रकार मिळतात. ही राणीचा मुखवटा कोरणाऱ्या विल्यम वायनची आद्याक्षरं आहेत, टांकसाळीची खूण नव्हे. अनेक विक्रेते यात घोळ घालतात.

ऐरोली_नाणी
वजनाबद्दल राहिलं. पूर्ण रुपया एक तोळा, 11.66 ग्रॅम, 917 कसाची (हजारात 917 भाग) चांदी. 0.14 ग्रॅमची झीज वापरलेल्या नाण्याला शोभते. खात्री करायची तर 0.01 ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला न टेकवता. काटा 1.11च्या आसपास दाखवायला हवा. 1.25 वगैरे आला तर धातू हलका, नाणं बाजूला ठेवा. बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, म्हणून हलकेच झटका.

खाडीपलीकडचा
अजून एक. लक्ष्मीपूजनाला चिंच-रांगोळीने घासलेल्या नाण्यावर बेरी सपाट होतात, त्यांच्या कडा गोल होतात. अक्षरांशेजारी दुसरी कड दिसली म्हणून लगेच 'डबल डाय' (ठशावरच अक्षर दुहेरी उमटलेलं) म्हणू नका. पायरीसारखी सपाट आणि मूळ अक्षराची जाडी खाणारी असेल तर ती पाडताना डाय सरकल्याची खूण. खऱ्या दुहेरी डायमध्ये अक्षर जाड होतं, टोकं फाटलेली दिसतात. भेगेचंही तसंच: डायची भेग नाण्यावर उंच रेघ उमटवते, ओरखडा आत जातो. गळ्यातल्या माळेतून काढलेल्या नाण्याच्या कडेवर टाक्याचा (धातू वितळवून दिलेल्या जोडाचा) डाग असतो, तोही तपासा.

नौपाडाकर
देठ धरून 34. डब्ल्यू दोन्ही दिव्यांना उठावाचेच. पाण्यात 1.12. कडेवर 12 वाजताच्या जागी डागल्यासारखं आहे, तो टाकाच असावा.

ऐरोली_नाणी
मग जात पक्की, पण भाव टाक्याच्या नाण्याचाच धरा.