अनुभव धागा : आमच्या गावची नगरपालिका

राजारामपुरीकर
गेल्या रविवारी आईच्या लोखंडी ट्रंकेत जुने कपडे शोधताना सभेच्या विषयपत्रिकेची एक पिवळी पडलेली प्रत हाती लागली, म्हणून हा धागा सुरू करीत आहे. माझे माहेर कोल्हापूर जिल्ह्यातील एका छोट्या नगरपालिकेच्या गावचे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आणि त्यानंतर काही वर्षांनी आमचा वॉर्ड राखीव निघाल्यावर आई नगरसेविका झाली. त्याआधी तिने पालिकेच्या इमारतीत घरपट्टी भरण्यापलीकडे पाऊल ठेवले नव्हते.

सभेच्या काही दिवस आधी संध्याकाळी शिपाई तपकिरी पाकीट घेऊन यायचा आणि पोचवहीवर आईची सही घ्यायचा. मग चुलीपुढच्या पाटावर बसून ती एकेक विषय मोठ्याने वाचायची आणि वडील अर्थ सांगायचे. दुसऱ्याच सभेत तिने आमच्या गल्लीच्या टोकाला सार्वजनिक नळ बसवण्याचा विषय मांडला. समोरच्या बाकावरून कोणीतरी "हे तुमच्या मालकांनी सांगितले का?" असे विचारले, तेव्हा ती उभी राहिली आणि पहाटे चार वाजता किती बायका आडावर रांगेत असतात, त्यांची नावे घेऊन तिने मोजून दाखवले. ठराव मंजूर झाला. परंतु कार्यवृत्तात सूचक म्हणून दुसऱ्याच सदस्याचे नाव लागले. पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमीप्रमाणे मागील सभेचे कार्यवृत्त वाचून कायम करणे हाच होता. आई म्हणाली, "सूचक मी आहे, माझे नाव लिहिल्याशिवाय हे कायम करू नका." ती दुरुस्ती झाली. मला सापडलेली प्रत त्याच सभेची आहे आणि पहिल्या विषयाभोवती पेन्सिलीने गोल काढलेला आहे.

आपापल्या गावच्या सभागृहाचे, नगराध्यक्षांचे, मुख्याधिकाऱ्यांचे जे अनुभव असतील ते कृपया लिहावेत.

सभालिपिक_निवृत्त
ताई, आपल्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी तीस वर्षे सभेचे कामकाज लिहिण्याचे काम केले आहे आणि कार्यवृत्त कायम करण्याचा विषय किती महत्त्वाचा असतो हे फार थोड्या सदस्यांना कळते, असे माझे मत आहे. सभागृहात काय बोलले गेले यापेक्षा वहीत काय उतरले यावर पुढचे सगळे अवलंबून असते. निविदा, देयक, लेखापरीक्षण हे सारे ठरावाच्या क्रमांकावर आणि तारखेवर चालते.

१९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे दोन महिन्यांतून एकदा तरी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. अध्यक्षस्थानी नगराध्यक्ष असतात, परंतु ठरावाची अंमलबजावणी मुख्याधिकारी करतात, आणि ते राज्य शासनाने नेमलेले अधिकारी असतात. म्हणजे निर्णय घेणारा हात आणि खर्चाची सही करणारा हात वेगळा ठेवलेला आहे. पुष्कळ भांडणे इथेच होतात. तरीही ही रचना योग्यच आहे असे मला मनापासून वाटते, कारण एकाच माणसाच्या हाती दोन्ही गेल्यावर काय होते हे मी ठरावांच्या वह्या चाळताना पाहिले आहे.

वेदगंगाकाठ
आक्कांनी पुढच्या सभेपर्यंत थांबून ते नाव लावून घेतले, हे वाचून अंगावर काटा आला. सध्या घाईत आहे, रात्री सविस्तर लिहितो.

गुरुजींचा_मुलगा
माझा अनुभव घरपट्टीचा आहे. नगरपालिकेत दर चार वर्षांनी करआकारणीची फेरतपासणी होते, तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. त्या वेळी आमच्या मातीच्या माडीची नोंद आर.सी.सी. बांधकाम अशी झाली होती आणि कर जवळजवळ तिप्पट आला होता. शेजारीपाजारी सगळे चौकात बसून संताप व्यक्त करीत होते, पण हरकत मात्र कोणी लिहून दिली नव्हती. वडील निवृत्त शिक्षक. त्यांनी नोटिशीवरची मुदत पाहिली, शाळेच्या आखीव कागदावर हरकत लिहिली आणि आवक क्रमांक घेतला.

सुनावणीच्या दिवशी ते भिंतीतल्या पांढऱ्या मातीचा एक ढेकूळ रुमालात बांधून घेऊन गेले. टेबलावर रुमाल सोडून ते एवढेच म्हणाले, "साहेब, याला काँक्रीट म्हणत नाहीत." दुसऱ्या दिवशी टेप घेऊन माणसे आली, मोजमाप झाले आणि नोंद बदलली. त्यानंतर गल्लीतले अकरा जण वडिलांकडे अर्ज लिहून घ्यायला आले, परंतु तोपर्यंत मुदत संपली होती आणि त्या अकराही घरांना चार वर्षे तोच कर भरावा लागला. वडिलांना याचे शेवटपर्यंत वाईट वाटले. आपण आधी घरोघर जायला हवे होते, असे ते म्हणत.

वेदगंगाकाठ
रात्री लिहितो म्हणालो होतो. आमच्या गावात थेट निवडून आलेले नगराध्यक्ष एका आघाडीचे आणि सभागृहातले बहुमत दुसऱ्या आघाडीचे, अशी स्थिती झाली होती. महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याचा प्रयोग १९७४ मध्ये झाला, मग २००१ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये. मधल्या काळात नगरसेवकच आपल्यातून अध्यक्ष निवडत असत. थेट निवडणुकीमुळे अध्यक्षांना सारखे सदस्य सांभाळत बसावे लागत नाही, हा मोठा फायदा आहे, आणि ज्यांनी सहलीवर नेलेल्या नगरसेवकांच्या गाड्या पाहिल्या आहेत त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

परंतु आमच्याकडे प्रत्येक विषयावर मतदान व्हायचे. अध्यक्षांनी मांडलेला विषय बहुमताने फेटाळला जायचा, बहुमताने केलेल्या ठरावाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३०८ खाली तक्रार जायची आणि ठरावाला स्थगिती मिळायची. या ओढाताणीत भाजी मंडईच्या ओट्यांवरचे पत्रे दोन पावसाळे बदलले गेले नाहीत. माझी आई त्या मंडईत बसते. ती डोक्यावर खताचे पोते घेऊन मेथीच्या जुड्या विकत होती आणि त्याच वेळी सभागृहात कोणाचा ठराव कायदेशीर यावर तीन तास चर्चा चालली होती. मी गॅलरीत बसून ती ऐकली आहे.

सभालिपिक_निवृत्त
वेदगंगाकाठ, आपल्या आईंची हकिकत वाचून फार वाईट वाटले. एक गोष्ट मात्र नोंदवतो. कलम ३०८ हे मुळात बेकायदा किंवा लोकांना अपाय करणारे ठराव थांबवण्यासाठी आहे, आणि मी स्वतः असा एक ठराव थांबलेला पाहिला आहे, ज्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षित जागा गाळे बांधण्यासाठी द्यायची होती. आज तिथे मुले खेळतात.

शिरोळ_तालुका
आमच्या नदीकाठच्या गावचा अनुभव २०१९ च्या महापुराचा आहे. ऑगस्टमध्ये पाणी चढले तेव्हा आमच्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे मतदारयादीची घडी पडलेली झेरॉक्स होती. कोणत्या घरात म्हातारे माणूस एकटे आहे, कोणाला डायलिसिस आहे, कोणाची सून बाळंतीण आहे, हे त्याने त्या यादीवरच पेनाने लिहून ठेवले होते आणि बोटीतल्या जवानांना तो घर क्रमांक सांगत होता. त्याचा पक्ष कोणता यावर आमच्या घरात आजही दोन मते आहेत. त्या यादीबद्दल मात्र दोन मते नाहीत.

पुढे मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. त्या काळात प्रशासकच सर्वसाधारण सभाही होता, स्थायी समितीही होता आणि नगराध्यक्षही होता. कामे झाली, हे मी नाकारत नाही. परंतु गटार तुंबल्यावर रात्री नऊ वाजता ज्याच्या दारावर थाप मारता येईल असा माणूस उरला नव्हता. २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले तेव्हा आमच्या केंद्रावर सकाळी सातलाच रांग होती.

माहेर_आजरा_तालुका
आमच्या गावची ग्रामपंचायत होती, ती नगरपंचायत झाली. जिल्ह्यात आजरा, चंदगड आणि हातकणंगले अशा तीन नगरपंचायती आहेत. सतरा प्रभाग झाले, निधी वाढला, रस्ते झाले, परंतु ग्रामसभा गेली. देवळासमोरच्या पटांगणात उभे राहून सरपंचांना खर्चाचा हिशेब विचारण्याचा जो हक्क होता, तो नगरपंचायतीत त्या स्वरूपात राहिला नाही, कारण तिथे सभा सदस्यांची असते आणि नागरिक फार तर ऐकू शकतो. माझ्या सासऱ्यांना हा बदल कधीच पटला नाही. सभालिपिक काका, यावर काही मार्ग आहे का?

सभालिपिक_निवृत्त
मुली, ग्रामसभेसारखे काही नाही, हे खरे आहे. तरीही कार्यवृत्ताची प्रत अर्ज करून मागता येते, आणि माहितीच्या अधिकारात ठराव, मोजमाप पुस्तक आणि देयक या तिन्हींच्या प्रती एकत्र मागाव्यात. ठरावात जेवढी लांबी लिहिली आहे तेवढीच मोजमाप पुस्तकात आहे का, हे शिवणाची टेप लावूनसुद्धा तपासता येते. याशिवाय आपल्या प्रभागाच्या सदस्याकडे सभेआधी जाऊन विषयपत्रिका पाहायला मागावी. माझ्या साऱ्या नोकरीत ती मागायला आलेले नागरिक मी दोन हातांच्या बोटांवर मोजू शकेन, आणि त्यांच्या गल्लीतली कामे कशी चोख व्हायची हेही मला आठवते.

राजारामपुरीकर
आज दुपारी हा सारा धागा मी आईला वाचून दाखवला. मंडईतल्या पोत्याची हकिकत तिने दोनदा वाचायला लावली. मग सभालिपिक काकांसाठी निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा लिहिते : "त्यांना विचार, गॅलरीत बसणाऱ्यांसाठी आमच्या वेळी बाक नव्हता, आता ठेवला आहे का? मी तो विषय दिला होता आणि तो पुढील सभेवर गेला होता."

वेदगंगाकाठ
आक्का, आमच्याकडे एक बाक आहे, चार माणसे बसतील एवढा. पुढच्या सभेला मी आईला घेऊन जाणार आहे.