मदत हवी आहे: वादळात कप प्लांट आडवं होतंय

नमस्कार मंडळी, अमेरिकेत इलिनॉयमध्ये कुणी अंगणात प्रेअरीची, म्हणजे इथल्या गवताळ माळरानाची, रानफुलं लावली आहेत का?

आमच्याकडे कप प्लांट आहे, शास्त्रीय नाव सिल्फियम परफोलिएटम. मूळचं इथलंच, आठ फूट सहज वाढतं. खोड चौकोनी, आणि समोरासमोरची पानं बुडाशी जुळून त्यांची वाटी होते. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि गोल्डफिंच पक्षी येऊन पितात. त्यांच्यासाठीच ते लावलंय, तेव्हा उपटून टाकायचा सल्ला कृपया नको.

अडचण अशी की जुलैत ऐन फुलायच्या वेळी वादळी पाऊस झाला की झाड बुडापासून कलतं. माती काळी, चिकण, कसदार. खत अजिबात नाही. ऊन मात्र दुपारपर्यंतच. त्यामुळेच लेचंपेचं होत असेल का? जूनच्या सुरुवातीला अर्ध्यावर छाटलं तर फुलं कितपत लांबतात? शेजारी बिग ब्लूस्टेम गवत लावलं तर आधार मिळतो, की काठ्याच रोवाव्यात?

आणखी एक: बी पडून रोपांचं रान माजतं. वाळलेली फुलं आधीच काढावीत, तर पक्ष्यांचं खाणं जातं. तुम्ही काय करता? स्वतः लावलेल्यांनी जरूर सांगा.