परभणीत मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरवायचंय, अनुभवी लोकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येतं असं सॉफ्टवेअर, त्यासाठी परभणीत आम्ही दहा-बारा जण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमतो. कुणी पॉलिटेक्निकला शिकवतं, कुणाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, दोघी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. आता दीडशे माणसांचं एक दिवसाचं संमेलन घ्यायचं ठरलंय. इथल्या पोराला असल्या कार्यक्रमासाठी बंगळूर गाठायचं म्हणजे तिकीट, राहणं, जेवण धरून घरी पैसे मागावे लागतात. आम्हाला ते नकोय. देवगिरी आणि तपोवन या रेल्वेगाड्यांमुळं संभाजीनगर, जालना, नांदेडचे लोक परभणीत थेट उतरतात. बीडकरांना मात्र एसटीनंच यावं लागेल.

सॉफ्टवेअर फ्रीडम डे, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा जागतिक दिवस, सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, म्हणजे १५ ते २१च्या दरम्यान. त्याच आठवड्यात आपला १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. हा योग आम्हा सगळ्यांना फार आवडलाय. पण त्याच सुमारास गणपती आले की हॉल मिळत नाही, आणि महिनाअखेरीला सोयाबीन काढणीला लागलं की पोरं गावाकडं जातात. तारीख धरून बसावं की डिसेंबरात न्यावं?

खरा पेच जागेचा आहे. एक कॉलेज हॉल, प्रोजेक्टर, जनरेटर सगळं फुकट द्यायला तयार आहे. अट अशी, की उद्घाटन आणि पाहुण्यांचे सत्कार त्यांच्या पद्धतीनं होतील आणि दुसऱ्या वर्षाचा अख्खा वर्ग हजेरी लावून बसवला जाईल. मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी आमच्या छोट्या कार्यशाळेत हेच झालं. सत्कार संपायला साडेबारा वाजले, जेवणानंतर हॉल निम्मा रिकामा झाला, आणि जिंतूरहून स्वतःहून आलेल्या चार मुलांना प्रश्न विचारायला वेळच उरला नाही. त्या चौघांसाठीच तर सगळं चाललंय! नोंदणी करून येईल त्यालाच प्रवेश, हे कॉलेजच्या गळी कसं उतरवलंत, कुणी सांगेल का? की मंगल कार्यालय भाड्यानं घेतलेलं बरं?

पैशांचं असं: आमची संस्था नोंदणीकृत नाही. मदत द्यायला तयार असलेले दोन व्यावसायिक संस्थेच्या नावाची पावती मागतात. कुणा एकाच्या बचत खात्यात पैसे घ्यायचे नाहीत, यावर आम्ही ठाम आहोत. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून व्यवहार केला असेल तर त्यांच्याशी लेखी काय ठरवलंत? फॉस युनायटेडकडून (मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणारी भारतातली संस्था) अनुदान घेतलेलं कुणी इथं असेल तर अर्जात काय लिहिलंत तेही सांगा.

लोकांच्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम, बसवून देण्याचा कोपरा ठेवणारच आहोत. मागच्या वेळी तीस लॅपटॉप एकाच वायफायवर होते. उबंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) बसवायची एक फाईल, म्हणजे आयएसओ, जवळपास ६ जीबीची, म्हणजे सगळ्यांनी मिळून १८० जीबी ओढायला घेतलं आणि नेट बसलं. यंदा पेनड्राइव्ह आधीच भरून ठेवू आणि बाकीच्या सॉफ्टवेअर पॅकेजसाठी एका जुन्या डेस्कटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी चालवू, म्हणजे एकदा उतरवलेलं पॅकेज तिथंच साठतं आणि बाकीच्यांना नेटवरून पुन्हा ओढावं लागत नाही. तेवढ्यावर भागतं का? बॅकअप घेतल्याशिवाय कुणाच्या डिस्कला हात लावायचा नाही, असा नियमही केलाय, कारण एका मुलीचं प्रोजेक्ट आमच्या घाईमुळं जाता जाता वाचलं.

शेवटचं, वक्ते. सगळी सत्रं मराठीतून हवीत. ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला मुक्त नकाशा) आपल्या वस्त्या आणि शेतरस्ते कसे चढवायचे, कृषी विद्यापीठातल्या मुलांना क्यूजीआयएस (नकाशे आणि जमिनीची माहिती हाताळायचं सॉफ्टवेअर), लिब्रेऑफिसचं (मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर) मराठी भाषांतर, हे तीन विषय पक्के आहेत, शिकवणारी माणसं नाहीत. रेल्वेचं भाडं आणि राहण्याची सोय आमच्याकडं. मानधन देता येणार नाही, ते आधीच सांगते. यायची तयारी असेल तर विषय आणि सोयीचा महिना इथंच लिहा. येत्या रविवारच्या बैठकीत सगळे प्रतिसाद वाचून कॉलेजला होय-नाही कळवायचंय.