जत्रेच्या नाटकात ईडिपसने डोळे लोकांसमोर फोडावेत का?

फोंडेकरीण: आमच्या वाड्यावर जत्रेला दरवर्षी नाटक असतं. यंदा ग्रीक नाटककार सोफोक्लीसचा ईडिपस मराठीतून करतोय; नकळत बापाला मारून आईशी लग्न केलेला राजा, सत्य कळल्यावर स्वतःचे डोळे फोडतो. दिग्दर्शकांना डोळे फोडण्याचा प्रसंग लाल प्रकाशात, धूर सोडून, लोकांसमोर हवाय. मी योकास्ता, म्हणजे त्याची आई आणि बायको, करतेय, मला ते पटत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यावर काय म्हणतो?

रंगपट: बाय, त्यांना ॲरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'चं चौदावं प्रकरण दाखव. भय आणि करुणा देखाव्यातूनही उभी राहते, पण चांगला कवी ती घटनांच्या जुळणीतून उभी करतो, असं तो म्हणतो. ईडिपसची गोष्ट नुसती ऐकली तरी अंगावर काटा यायला हवा. शोकांतिकेच्या सहा अंगांत त्याने कथानकाला आत्मा म्हटलंय. देखावा कवीच्या कलेपासून सगळ्यात लांबचा. सोफोक्लीसनेही डोळे आतच फोडलेत, बाहेर येऊन सेवक ते सांगतो.

खरा प्रसंग कॉरिंथच्या दूताचा. ईडिपस ज्याला बाप समजतो तो तिथला राजा पॉलिबस वारला, पण आईशी लग्न करशील या भविष्यवाणीची ईडिपसला धास्ती आहेच. ती घालवायला दूत सांगतो, पॉलिबसची राणी मेरोपी तुझी आई नव्हेच. एका मेंढपाळाने तुला माझ्या हाती दिलं, तुझे घोटे टोचलेले होते. धीर द्यायला आलेल्यानेच घात केला! कलाटणीचं उदाहरण म्हणून ॲरिस्टॉटलने हेच दिलंय. आणि ईडिपस आपलाच मुलगा, हे त्याच्या आधी योकास्ताला कळतं. ती विनवते, आता पुढे विचारू नकोस, आणि आत जाते. प्रकाश तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर हवा. आमचा जत्रेचा प्रेक्षक पहाटेपर्यंत बसतो, त्याला गोष्ट कळते.

सांखळीकर: प्लेटोला मात्र हे रडणंच नको होतं. परक्याच्या दुःखावर रडायची सवय लागली की स्वतःचं दुःखही आवरत नाही, असं त्याच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दहाव्या भागात आहे. त्याच्याच शिष्याने, ॲरिस्टॉटलने, म्हटलं, शोकांतिका करुणा आणि भय जागवते आणि त्यांचंच विरेचन (कॅथार्सिस) करते. विरेचन कसं होतं हे 'काव्यशास्त्रा'त उलगडलेलं नाही, म्हणून पंडित अजून भांडतात.

फोंडेकरीण: देव बरें करूं! एक राहिलं. आमचा ईडिपस पहिल्यापासून तापट आणि उद्दाम करतात. बरोबर आहे?

रंगपट: राग आहे त्याच्यात, पण फक्त तोच नको. तेराव्या प्रकरणाप्रमाणे नायक अगदी पुण्यवान नको आणि दुष्टही नको; तो पडतो एका मोठ्या चुकीने. तिठ्यावर मारलेला म्हातारा आपला बाप, हे त्याला ठाऊकच नव्हतं. प्रेक्षकाला 'बरी खोड मोडली' वाटलं, तर करुणा संपली. थेब्स या त्याच्या नगरातली रोगाची साथ हटवायला तो किती तळमळतोय, ते पहिल्या प्रवेशातच दिसू दे.