खाडीच्या वरच्या टोकाला एएमबीआय निर्देशांक वाईटच येतो: प्रदूषण की कमी क्षारता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तळातल्या अपृष्ठवंशी प्राण्यांवरून खाडीची प्रकृती ठरवण्याचं काम करते आहे आणि निष्कर्ष लिहिताना अडले आहे. तोंडापासून वरच्या निमखाऱ्या पट्ट्यापर्यंत व्हॅन व्हीन ग्रॅबने (तळाचा गाळ उचलणाऱ्या जबड्याने) गाळ काढला, ०.५ मिमी चाळणीतून धुतला, फॉर्मेलिनमध्ये ठेवून 'रोज बेंगाल' या गुलाबी रंगाने रंगवला. तोंडाकडच्या नमुन्यांत ॲम्फिपॉड (कोळंबीसारखे छोटे कवचधारी), छोटे शिंपले, तऱ्हेतऱ्हेचे पॉलिकीट (केसाळ समुद्री वलयी किडे) दिसतात. वर जावं तशी प्रजातींची यादी आखडत जाते. सगळ्यात वरच्या नमुन्याचा ट्रे सूक्ष्मदर्शकाखाली घेतला की गुलाबी दोऱ्यांचा नुसता गुंता: जवळजवळ सगळे ऑलिगोकीट (गांडुळाच्या जातकुळीतले बारीक किडे), मधूनच एखादा हेटेरोमास्टस हा पॉलिकीट.

एएमबीआय हा तळातले प्राणी प्रदूषण किती सोसतात यावरून काढलेला निर्देशांक; आकडा जितका मोठा तितकी जागा बिघडलेली. त्यात ऑलिगोकीट पाचव्या, म्हणजे सर्वांत सहनशील गटात धरतात आणि त्या गटाचा गुणक ६ आहे. त्यामुळे आकडा वर जाणारच. पण तिथला गाळ वरून तपकिरी आहे, प्राणवायू नसलेला काळा थर बराच खाली लागतो, सडक्या अंड्यांसारखा वासही नाही. अशा जागेवर 'प्रदूषित' असा शिक्का मारायला मन धजत नाही. उलट नुसतं 'क्षारतेमुळे असेल' म्हणून सोडून दिलं आणि खरोखरच वरून सांडपाणी येत असलं तर? हे दोन्ही वेगळं कसं काढता? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे. एलियट आणि क्विंटिनो या संशोधकांनी २००७ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. खाडीत क्षारता रोज भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते, त्यामुळे तिथे टिकणारे प्राणी मुळातच सोशिक असतात, आणि सेंद्रिय प्रदूषणात तगणारेही बहुतेक तेच. शिवाय दर हजारी ५ ते ८ क्षारतेच्या आसपास प्रजाती एरवीही सर्वांत कमी असतात. समुद्रातले तिथवर पोचत नाहीत, गोड्या पाण्यातले तिथवर उतरत नाहीत.

म्हणून वरच्या जागेची तुलना तोंडाशी करूच नका. तितक्याच क्षारतेची, तसाच गाळ असलेली, कमी त्रास झालेली जागा शोधा आणि तिच्याशी ताडून पाहा. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरासाठी १९९७ मध्ये केलेल्या निर्देशांकात क्षारता आणि वाळू-चिखल यांवरून सात अधिवास पाडून प्रत्येकाचे निकष वेगळे ठेवले होते, ते याच कारणासाठी. सेंद्रिय कार्बनही बारीक गाळाच्या प्रमाणाशी ताडून बघा. चिखलात तो एरवीही जास्तच असतो.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण मी एएमबीआयवर एकट्यावर भिस्त ठेवणार नाही. प्राणी मोजलेच आहेत तर वजनंही घ्या आणि संख्या-जैवभार वक्र काढा (प्रजाती उतरत्या क्रमाने लावून संख्येची आणि वजनाची साठत जाणारी टक्केवारी). सुस्थितीतल्या तळात जैवभाराचा वक्र संख्येच्या वर राहतो, प्रदूषण वाढलं की उलटतो. मात्र नुकतीच पिल्लं बसली असतील तर निरोगी जागीही वक्र उलटतो, तेव्हा एकाच हंगामावरून ठरवू नका.

आणखी एक गोष्ट तपासा: कुठल्याही गटात न बसलेले जीव २० टक्क्यांवर असतील तर एएमबीआयचा आकडा जपून वापरायचा, ५० टक्क्यांवर गेले तर वापरायचाच नाही. एका ग्रॅबमध्ये दोन-तीनच प्रजाती मिळाल्या तरी तो डळमळीत होतो. तुमच्या वरच्या नमुन्यांत मला हीच भीती वाटते.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. वजनं घेतलेली नाहीत, पण नमुने जपून ठेवले आहेत, तेव्हा ते जमेल. फॉर्मेलिनमधल्या जीवांचं ओलं वजन चालेल का, की राखरहित कोरडं वजनच (वाळवून, जाळून उरलेली राख वजा केलेलं) काढावं? शिंपल्यांच्या कवचांमुळे ओल्या वजनात मोठी गल्लत होईल असं वाटतं.